भीमथडीचा घोडा : दंतकथा की खरी जात?

महाराष्ट्रात घोड्याचा विषय निघाला की भीमथडीचे नाव आल्यावाचून राहत नाही. मराठ्यांच्या दूरदूरच्या मोहिमांचे वर्णन भीमथडीच्या तट्टांशिवाय पुरे होत नाही. राजा बढे यांच्या ज्या गीताला महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्यगीताचा मान दिला, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे. तथापि हा घोडा प्रत्यक्ष पाहिला आहे काय, असे विचारले असता बहुतेक जण नकारार्थी मान हलवितात.

या घोड्याविषयी दोन मते दीर्घकाळ प्रचलित होती. भीमथडी ही अस्सल देशी जात असून पेशवाईबरोबर ती नामशेष झाली, असे एक मत. दुसरे मत याच्या अगदी उलट. अशी स्वतंत्र जात कधी नव्हतीच. अरबी व इराणी घोड्यांशी गावठी घोड्यांची सरमिसळ होऊन जी जनावरे निपजली, त्यांना कौतुकाने दिलेले हे नाव होय, असे ते मत सांगते. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने भीमथडीची देशी घोड्यांची एक जात म्हणून नोंद केली. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ इतिहासप्रेमी मंडळींचा राहिलेला नाही. ज्याच्या दावणीला असे जनावर आहे, त्या पशुपालकाचा आणि त्याला सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचाही तो प्रश्न झाला आहे.

नाव प्रदेशाचे, मग घोड्याचे

थडी म्हणजे नदीचा काठ. गोदावरीच्या काठचा मुलूख तो गंगथडी, नीरेच्या काठचा तो नीरथडी आणि भीमेच्या काठचा तो भीमथडी. पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याचे नावच पूर्वी भीमथडी असे होते. आजचे बारामती व दौंड हे तालुके त्याच भागात येतात. तेव्हा ‘भीमथडीचा घोडा’ या शब्दांचा मूळ अर्थ भीमेच्या काठी निपजलेला घोडा, एवढाच आहे. बैलांत जसे खिल्लार, म्हशींत जशी पंढरपुरी आणि मेंढ्यांत जशी दख्खनी, तसेच हेही नाव प्रदेशाशी व तेथील पशुपालकांशी बांधलेले आहे.

या मुलखाची ठेवण घोड्याला मानवणारी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथे पाऊस बेताचा पडतो. हवा कोरडी असते. जमीन पुष्कळ ठिकाणी कठीण व मुरमाड असल्याने खूर टणक होतात. दलदल कमी असल्याने खुरांचे विकार आणि चावऱ्या माश्यांमुळे पसरणारे रोग कोकणपट्टीच्या मानाने कमी आढळतात. माळावरचे गवत, ज्वारीचा कडबा आणि कुळीथ किंवा हरभरा यांची चंदी ही येथे सहज मिळणारी वैरण. मात्र अवर्षणाचे साल आले की यातले काहीच पुरेसे मिळत नाही. म्हणून थोडक्यात भागविणारे जनावरच येथे टिकते.

शंका घेण्यास जागा कोठे आहे?

ही जात नव्हतीच असे म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही काही आधार आहे. दख्खनमध्ये घोडा मुळात उपजलेला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन घोड्यांच्या जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की, आजच्या सर्व पाळीव घोड्यांचे मूळ रशियातील व्होल्गा व डॉन नद्यांच्या परिसरातील गवताळ प्रदेशात असून इसवी सनापूर्वी २००० च्या सुमारास ते तेथून सर्वत्र पसरू लागले. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील माहुरझरी येथील लोहयुगीन शिळावर्तुळांच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे, त्यांच्या तोंडावरील तांब्याचे दागिने व लोखंडी लगाम सापडले आहेत. म्हणजे घोडा आपल्याकडे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी तरी पोचलेला होता. पण तो पाहुणा म्हणूनच आला.

पुढेही बाहेरून घोडे येतच राहिले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने ठाण्याच्या राजाविषयी एक मासलेवाईक गोष्ट नोंदविली आहे. या राजाचा चाच्यांशी करार होता. लुटलेल्या गलबतांतील इतर माल चाच्यांनी ठेवावा. घोडे मात्र राजाला द्यावेत. इतकी त्या काळी समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांना किंमत होती. चौल, दाभोळ व गोवा ही या व्यापाराची मोठी बंदरे होती. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवे घेतल्यावर घोड्यांच्या व्यापारावर त्यांचे नियंत्रण आले आणि विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांना त्यांच्याकडे पाहावे लागले. असे शेकडो वर्षे आलेले अरबी, इराणी व तुर्की रक्त दख्खनच्या घोड्यांत मिसळले नसते तरच नवल.

शिवाय वंशावळीची लेखी नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंद १७९१ पासून छापली जाऊ लागली. आपल्याकडे घोडा पारखताना रंग, भोवरे व खुणा पाहत. देवमण असलेला किंवा पंचकल्याणी घोडा शुभ मानला जाई. पण त्याचा बाप कोण व आजा कोण, हे कोणी दप्तरी लिहून ठेवीत नसे. शुद्ध रक्त हीच जातीची कसोटी मानली, तर भीमथडी त्या कसोटीला उतरणार नाही. पण मग जगातील फारच थोड्या जाती उतरतील.

जात कशी घडते?

जात ही केवळ रक्ताने घडत नाही. जमीन, काम आणि निवड या तीन गोष्टी पिढ्यान् पिढ्या एकाच दिशेने चालल्या की जात घडते. भीमथडीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या.

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. त्याचा घोडा मेला तर त्याची चाकरीच संकटात येई. घोडा हे त्याचे भांडवल होते. साहजिकच दिसायला देखणा पण नाजूक घोडा त्याला परवडत नसे. मिळेल त्या वैरणीवर राहील, दिवसामागून दिवस मजल मारील, घाटात पाय चुकणार नाही आणि आजारी पडणार नाही, असाच घोडा त्याला हवा असे. अशा घोड्यांचीच पैदास तो गावी करी. या निवडीमागे शास्त्राचे पुस्तक नव्हते. पोटाचा प्रश्न होता, आणि तो पुस्तकाहून कठोर परीक्षक असतो.

राज्यकर्तेही या बाबतीत दक्ष होते. पावसाळ्यात लष्कर छावणीस आणावे, घोड्यांसाठी दाणा व वैरण साठवून ठेवावी आणि दसऱ्याला पुन्हा मुलूखगिरीस निघावे, ही शिवाजी महाराजांच्या काळातील पद्धत सभासदाच्या बखरीत वर्णिलेली आहे. १६७४ च्या सुमाराचे महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. साठविलेला दाणा व गवत आताच मनमानीने उधळले तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्यातील इशारा आहे. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नयेत, उंदराने दिव्याची वात ओढून नेऊन आग लावू नये याची काळजी घ्यावी, अशा बारीक सूचनाही त्यात आहेत. आजच्या पशुपालकानेही वाचावे असे हे पत्र आहे.

या व्यवस्थेतून जो घोडा तयार झाला, त्याच्या गुणांचा कस मोहिमांत लागला. १७२८ मध्ये पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले ते प्रामुख्याने वेगवान हालचालींच्या बळावर. १७३७ मध्ये मराठ्यांची घोडी दिल्लीच्या वेशीवर पोचली आणि १७५८ मध्ये अटकेपर्यंत गेली. मराठी फौजेतील सर्वच घोडे भीमेकाठचे होते असे मात्र समजू नये. खरेदीचे, लुटीचे व नजराण्याचे घोडेही त्यांत असत.

साक्षीदार काय सांगतात?

पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. गोदावरी, भीमा, नीरा व माण या नद्यांची खोरी घोड्यांच्या पैदाशीसाठी नावाजलेली असून त्यांतही नीरा व माण यांच्या काठचे घोडे विशेष मानले जात, असे त्याने नमूद केले आहे. हा मनुष्य या मुलखात राहिलेला होता आणि मराठ्यांचे कौतुक करण्यासाठी त्याने लेखणी उचललेली नव्हती. म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे. भीमथडीचा घोडा ही नुसती कविकल्पना नव्हे, एवढे यावरून निश्चित होते.

परंतु या घोड्याला न थकणारा व अजिंक्य ठरविणाऱ्या गोष्टी तशाच स्वीकारता येत नाहीत. सर जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात महादजी शिंद्यांची हकीकत दिली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पराभव झाल्यावर महादजी एका उमद्या दख्खनी घोडीवर बसून निघाले. एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला. शेवटी घोडी थकून खड्ड्यात पडली आणि स्वाराने गाठून केलेल्या घावामुळे महादजी जन्मभर लंगडे झाले. ती घोडी चपळ होती यात शंका नाही. पण पानिपताच्या वेढ्यात मराठ्यांच्या जनावरांची वैरणीवाचून उपासमार झालेली होती, आणि उपाशी जनावर कोणत्याही जातीचे असले तरी त्याच्या बळाला मर्यादा असते. थोडक्यात भागविणे निराळे आणि काहीच न खाता चालणे निराळे. पशुपालनात हा फरक विसरून चालत नाही.

नाहीसे काय झाले?

१८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाला व मराठी घोडदळे मोडली. हजारो शिलेदारांची चाकरी गेली. ज्या कामासाठी घोडा निवडला जात होता, ते कामच संपले. इंग्रजी फौजेला अधिक उंच व वजनदार घोडा हवा होता. गावातल्या शेतकऱ्याला नांगराला व मोटेला बैल पुरत असे. चांगला वळू घोडा पदरी ठेवण्याइतकी ऐपत व गरज फार थोड्यांना उरली. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा या गावाच्या नावात पागा हा शब्द टिकून आहे. पण अशा पागांचा काळ मागे पडला.

नाहीसा झाला तो चंदीवर पोसलेला, निवडून वाढविलेला लढाऊ घोडा. त्याचे रक्त मात्र एका दिवसात नाहीसे होणे शक्य नव्हते. ते गावोगावच्या लहान तट्टांत राहिले आणि ती तट्टे सांभाळली धनगरांनी.

पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील मेंढपाळ पावसाळा सरल्यावर मेंढ्या घेऊन कोकणाकडे व इतर भागांत उतरतात आणि पुढील पावसाच्या सुमारास परततात. या वाटचालीत सगळे बिऱ्हाड तट्टाच्या पाठीवर असते. भांडीकुंडी, मेंढ्या कोंडण्याची जाळी, नुकतीच जन्मलेली कोकरे, खुराड्यातील कोंबड्या आणि कधी लहान मूलही त्यावर बसविलेले दिसते. अनेक शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवितात. त्या वेळी वाड्यावर उभे असलेले तट्टू त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. पण ‘धनगराचे तट्टू’ यापलीकडे त्याला नाव नव्हते. इतिहासात जो घोडा म्हणून मिरवला, तो व्यवहारात तट्टू म्हणून दुर्लक्षिला गेला. भटक्या माणसांची जनावरे मोजणाऱ्यांच्या नजरेतूनही सहज सुटत असत. जात नामशेष झाली हा समज पसरण्यास हेही एक कारण झाले असावे.

नोंदणीने काय सिद्ध झाले?

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था देशी जनावरांच्या जातींच्या नोंदणीचे काम पाहते. एखाद्या गटाला जात म्हणून मान्यता देताना त्याचा मूळ प्रदेश कोणता, संख्या किती, अंगाची मापे व रंगरूप कसे, हे गुण पुढील पिढीत उतरतात काय आणि शेजारच्या जातींहून तो वेगळा आहे काय, याची छाननी होते. भीमथडीच्या नोंदणीपूर्वी देशात घोड्यांच्या सात जातींची नोंद होती : मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती व झंस्करी. भीमथडी ही आठवी होय.

या नोंदणीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भीमा-नीरेच्या टापूत आज वेगळे ओळखू येणारे, सारखे गुण पुढे चालविणारे घोडे आहेत, हे तिने सिद्ध झाले. आजचे प्रत्येक तट्टू बाजीरावाच्या पागेतील अमुक घोड्याचा वंशज आहे, हे मात्र तिने सिद्ध होत नाही. त्या काळच्या घोड्याचे आणि आजच्या तट्टाचे काम निराळे, पोषण निराळे आणि म्हणून अंगलोटही निराळी. दोघांना जोडणारे दुवे म्हणजे एकच प्रदेश, काटकपणा आणि या मुलखात अखंड चालत आलेले पशुपालन. आरंभी सांगितलेल्या दोन्ही मतांपैकी एकही पुरते खरे नाही, असाच याचा निष्कर्ष निघतो. जात होती, पण ती शुद्ध रक्ताची नव्हती. ती खालावली, पण मेली नाही.

आता काय करावे?

धोका मात्र टळलेला नाही. २०१२ मध्ये देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट झाली. चराऊ राने आकसत आहेत आणि बिऱ्हाड टेंपोतून नेणारे मेंढपाळ दिसू लागले आहेत. अशा वेळी पुढील गोष्टींकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

१. मोजणी : ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची माहिती घेण्याची तरतूद प्रथमच करण्यात आली. यापुढेही गावाच्या शिवारात वाडा उतरला की कार्यकर्त्यांनी तट्टांची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावी.

२. संकर टाळणे : नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात उंच मारवाडी व काठियावाडी घोड्यांना भाव येतो. त्या मोहाने भीमथडी घोडीला उंच वळू दाखविला तर शिंगरू कदाचित उंच निपजेल. पण ते कडब्यावर व डोंगरवाटेवर टिकेलच असे नाही. शिवाय एकदा मिसळलेले रक्त वेगळे काढता येत नाही.

३. वळूची निवड : उंची किंवा रंग न पाहता मजबूत खूर, सरळ पाय, आखूड व भक्कम पाठ आणि शांत स्वभाव पाहावा. वळू साडेतीन-चार वर्षांचा झाल्याखेरीज नियमित वापरू नये. नको असलेले नर पशुवैद्यकाकडून वेळीच खच्ची करून घ्यावेत.

४. वळूची अदलाबदल : एका वाड्यावर घोड्या थोड्या असतात. तोच वळू चार वर्षांहून अधिक काळ राहिला तर त्याच्या स्वतःच्या मुली माजावर येतात व जवळच्या नात्यात पैदास होते. दोन दूरच्या वाड्यांनी वळूंची अदलाबदल केली तर खर्च न करता हा दोष टळतो.

५. गाभण घोडी व शिंगरू : घोडीचा गाभणकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातील शिंगराची वाढ झपाट्याने होते. त्या काळात पाठीवरचे ओझे उतरवावे व चंदी वाढवावी. शिंगरू जन्मल्यावर सहा तासांच्या आत त्याला चीक पाजावा व बेंबीला टिंक्चर आयोडीन लावावे. धनुर्वाताची लस टोचून घेण्याविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

६. रोग : ताप येऊन-जाऊन राहणे, खाऊनही वाळत जाणे, पोटाखाली व पायांवर सूज येणे ही सर्राची लक्षणे असू शकतात. हा रोग चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. नाकातून घट्ट स्राव व अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्सचा संशय घ्यावा. हा रोग माणसालाही होतो. जनावर वेगळे बांधून ताबडतोब पशुवैद्यकास कळवावे. घरगुती उपचार करू नयेत व ते विकूही नये. २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणे बंधनकारक आहे.

७. वाट व पाणी : ग्रामपंचायतींनी गायरानातील मेंढपाळांच्या जुन्या वाटा व पाणवठे मोकळे ठेवावेत. कळप फिरला तरच तट्टाला काम राहील.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. १८१८ नंतर लढाऊ घोडा गेला तो काम गेल्यामुळे गेला. तट्टाचे कामही गेले तर नोंदवहीतील नाव त्याला वाचवू शकणार नाही. मेंढपाळी, डोंगराळ भागातील ओझेवाहतूक, मुलांना घोडेस्वारी शिकविणे, पर्यटनस्थळी सवारी असे जे काम या काटक जनावराला देता येईल, ते दिले पाहिजे. भीमथडीचा घोडा खरोखर होता काय, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले आहे. तो यापुढे राहील काय, याचे उत्तर भीमा-नीरेकाठच्या वाड्यावस्त्यांवरील पशुपालक आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांनाच द्यावयाचे आहे.